चंद्राबाईच्या छातीचा फोटो

चंद्राबाईला मी पहिल्यांदा पाहिले ते शिमग्यानंतर आणि शेवटचे पाहिले ते पावसाच्या तोंडावर. मधल्या काळात बहुतेक वेळ मी तिच्यावर चिडलेली होते. आज इतक्या वर्षांनी तिच्याविषयी लिहायला बसले तरी तो चिडका सूर लिहिण्यात येणार, हे आधीच सांगून ठेवते. काही माणसे नजरेआड झाली की गोड वाटायला लागतात. चंद्राबाई त्यांतली नव्हे.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत डॉ. केळसकरांच्या दवाखान्यात कामाला होते. क्ष-किरणाचे यंत्र गावात डॉक्टरांकडेच होते. सरकारी दवाखान्यात ‘येणार येणार’ म्हणून नुसते ऐकत होतो. डॉक्टरांनी आपले यंत्र मुंबईहून बोटीने आणले होते. खोल पाण्यात ते बोटीतून पडावात, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होडीत, उतरवताना दोरखंड कसा करकरला आणि आपला जीव कसा खालीवर झाला, हे ते नव्या माणसाला एकदा तरी ऐकवत. माणूस शिकलेला, हाताला चांगला आणि तोंडाने फटकळ. सरकार म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. माझे काम म्हणजे नावे लिहिणे, माणसे आत सोडणे, रडणारी पोरे धरून ठेवणे आणि धुतलेल्या फिल्म चिमटे लावून दोरीवर वाळत घालणे. लोक फिल्म म्हणत नसत, फोटो म्हणत. ‘छातीचा फोटो काढायचाय’ असे सांगत येत, आणि काही जण त्यासाठी केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून येत.

चंद्राबाई आली ती नटून नव्हे. उंच, हाडापेराने मोठी बाई, पण अंगावरचे मांस उतरलेले. लुगडे मात्र चापूनचोपून नेसलेले. आल्या आल्या तिने कमरेची पिशवी उघडली, मेणकापडाची घडी सोडली आणि आतले कार्ड माझ्या टेबलावर ठेवले.

“छातीचा फोटो काडायचा हाय. ह्याच्यावर.”

आवाज एवढा मोठा की बाकावरची माणसे दचकली. वाक्य संपले की खोकला. ही तिची बोलण्याची रीतच होती. मुंबईच्या एका गिरणीत ती वायंडिंग खात्यात होती. तिथे दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात बोलायचे, त्यामुळे तिला हळू बोलता येत नसे. एकतर ती ओरडून बोले, नाहीतर अजिबात आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोले. मधले काही तिला ठाऊक नव्हते.

ते कार्ड सरकारी विम्याचे होते. त्या सुमारास मुंबईत गिरणीकामगारांसाठी ही योजना नवी नवी सुरू झाली होती. पगारातून काही पैसे कापायचे आणि त्या बदल्यात आजारपणात डॉक्टर, औषध, लागला तर फोटो, आणि रजेच्या दिवसांत थोडाफार पगार. कागदावर सगळे चांगले होते. ज्याने कोणी ती योजना आखली त्याने फक्त एक गोष्ट गृहीत धरली होती, की माणूस जिथे काम करतो तिथेच आजारी पडतो. त्याला आमचा मुलूख माहीत नसावा. आमच्याकडे मुंबईला जायचे ते कमवायला. आजारी पडले की गावी यायचे. ताप उतरेना, खोकला सुटेना, की खोलीतली माणसे वळकटी बांधून देत आणि कोणीतरी बोटीवर आणून बसवी. गावची हवा, गावचे पाणी, आईच्या हातची पेज, मग बरे वाटले तर परत. आजोबांच्या वेळेपासून हे असेच चालले होते आणि कोणाला त्यात वेगळे काही दिसत नव्हते.

चंद्राबाईनेही तेच केले. तिथल्या विम्याच्या डॉक्टरने तिला खोकल्याच्या बाटल्या दिल्या होत्या आणि फोटो काढायला पुन्हा ये म्हणून सांगितले होते. तेवढ्यात तिचा भाऊ गणपत मुंबईला गेला, तिची दशा पाहिली आणि तिला घेऊन आला. भाट्याच्या खाडीपलीकडे त्यांची वाडी. ती नवऱ्यामागे एकटी, मूल नाही. कार्ड तिने बरोबर आणले होते, म्हणजे विमा बरोबर आला, असा तिचा हिशेब.

डॉक्टरांनी कार्ड उलटेसुलटे पाहिले आणि परत दिले. हे इथे चालत नाही म्हणाले. चालत नाही म्हणजे काय, तिने विचारले. हे मुंबईचे आहे, रत्नागिरीत लागू नाही.

“मुंबईची नोट हितं चालते. टपालाचं तिकीट चालतं. मंग ह्यो कागूद का चालत नाय?”

डॉक्टर म्हणाले, ते सरकारला विचार.

“तुमी नाय म्हणता ना? मंग नाय म्हणून लिवून द्या.”

तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण ‘लिवून द्या’ हे तिचे पालुपद होते. गिरणीतल्या कुठल्यातरी भांडणात तिने कधीतरी ते शिकून घेतले असावे. तोंडाने हो म्हणणारा साहेब दुसऱ्या दिवशी नाही म्हणतो, आणि तोंडाने नाही म्हणणारा साहेब लिहून द्यायची वेळ आली की हो म्हणतो, असा तिचा अनुभव. आमच्या डॉक्टरांवर त्याचा एवढाच परिणाम झाला, की ते उठून आत गेले.

मला वाटले, संपले. दोन दिवसांनी ती पुन्हा बाकावर. मग ती येतच राहिली. सकाळी तरीने खाडी ओलांडायची, बाजारातून चालत यायचे, आणि बाहेरच्या ओट्यावर खिडकीजवळ बसायचे. खिडकीजवळ मी बसवत असे. तिच्या खोकल्याबद्दल मला शंका होती आणि आत पोरेबाळे असत. मी तसे स्पष्ट सांगितले. तिला राग आला नाही. उलट म्हणाली, “बरं केलंस बाय. खात्यात आमाला कोण सांगीत नाय. सगळ्या एकाच पिंपातलं पानी पितांव.”

ती रिकामी बसत नसे. खरे म्हणजे तिचे हात रिकामे बसत नसत. वायंडिंगमध्ये दिवसभर काम काय, तर कांडीवरचे सूत रिळावर चढवायचे आणि तुटले की क्षणात गाठ मारून सांधायचे. ती गाठ तिच्या बोटांत बसली होती. दवाखान्याच्या पडद्याची दशी सुटली होती, ती तिने बसल्या बसल्या गाठवून टाकली. माझ्या पदराचा धागा लोंबत होता, तो तिने बोलता बोलता ओढला, दुसऱ्याशी जोडला आणि सोडून दिला. गाठ कुठे आहे ते मला शोधूनही दिसेना. फिल्म वाळत घालायच्या दोरीला मधोमध एक गाठोडे झाले होते, चिमटे तिथे अडत. ते तिने सोडवून नव्याने बांधले. डॉक्टरांनी पाहिले. दोरीला हात लावून पाहिला.

सगळ्यात गंमत म्हणजे फोटो काढायला आलेल्या माणसांना तीच तयार करी. आमच्याकडे खेड्यातून येणारी माणसे यंत्राला घाबरत. अंधारी खोली, घरघर, गार पत्रा छातीला लावायचा. ‘श्वास धरा’ म्हटले की माणूस नेमका खोकायचा किंवा हलायचा, आणि फिल्म फुकट. फिल्म मुंबईहून बोटीने येत, इथल्या दमट हवेत आधीच काही काळवंडत. त्यात ही नासाडी. डॉक्टर संतापत. एकदा पावसकडचा एक म्हातारा आत जायलाच तयार होईना. त्याचा मुलगा विनवण्या करत होता. चंद्राबाई ओट्यावरून उठली, म्हाताऱ्याचे खांदे धरून भिंतीला टेकवले, हनुवटी वर केली आणि म्हणाली, “दादा, जॉबर मागं उबा हाय असं समजा. काय करशाल? श्वास घेशाल? मुळीच नाय घेनार.” जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम, हे म्हाताऱ्याला मुंबईतल्या पोरांमुळे माहीत होते. तो हसला आणि आत जाऊन दगडासारखा उभा राहिला. फोटो स्वच्छ आला.

मग ते रोजचेच झाले. ती ओट्यावर माणसांना रांगेने उभे करी, श्वास घ्यायला लावी, धरायला लावी, सोडायला लावी. ती स्वतः त्या यंत्रासमोर एकदाही उभी राहिली नव्हती. ऐकून ऐकून शिकली होती. आणि प्रत्येकाला श्वास धरायला सांगताना तिचा स्वतःचा दर दुसऱ्या वाक्याला सुटत होता. ते पाहून माझे डोके फिरायचे. समोर यंत्र, समोर डॉक्टर, आणि जिला फोटोची सगळ्यांत जास्त गरज ती बाहेर बसून दुसऱ्यांच्या फोटोची तालीम घेतेय.

डॉक्टर एवढे काही कठोर नव्हते. एक दिवस दुपारी, गर्दी कमी झाल्यावर आणि विजेचा दाब स्थिर झाल्यावर, त्यांनी मला सांगितले, तिला आत बोलवा, फुकट काढून टाकू. मी आनंदाने गेले. ती नाही म्हणाली.

“फुकट कशापायी? माजा पगार कापलेला हाय.”

डॉक्टरांनी दुसरी युक्ती केली. तू इथे काम करतेस, असे समज. दवाखान्याच्या माणसाचा फोटो मी काढतो.

“मी तुमच्या खात्यातली नाय, डाक्टर. मी वायंडिंगातली.”

मला वाटले हा नुसता ताठा आहे. पण तसे ते नव्हते, हे मला तिने ओट्यावर बसून नीट समजावले. तिच्या खात्यात आमच्या जिल्ह्याच्या पुष्कळ बायका होत्या. त्यातल्या किती जणी खोकत होत्या हे तिला नावानिशी माहीत होते. त्या सगळ्या आज ना उद्या वळकटी बांधून याच बंदरात उतरणार. “मला फुकट काडलात, ते तुमच्या मनात आलं म्हणून. उद्या खात्यातली सावित्री आली आनि डाक्टरांच्या मनात नाय आलं, तर?” शिवाय दुसरी गोष्ट. फुकटच्या फोटोवर मुंबईचा विम्याचा डॉक्टर रजा मंजूर करणार नव्हता. योजनेतला कागद हवा. तो नसला की खाडा लागणार, खाडे वाढले की नाव कटणार, रिळांवर दुसरी बाई उभी राहणार. चंद्राबाईला दोन गोष्टी हव्या होत्या, छातीत काय आहे ते कळायला हवे होते आणि खात्यातली जागा शाबूत राहायला हवी होती. एकीसाठी दुसरी सोडायला ती तयार नव्हती. तिचे म्हणणे चुकीचे होते असे मला अजूनही ठरवता येत नाही. पण छाती काही कायदे वाचून थांबत नाही, हे तिला कोण सांगणार?

मध्येच ती चार दिवस दिसली नाही. मी म्हटले, अंथरुणाला खिळली. तर बाई चिपळूणला जाऊन आली. कोणीतरी सांगितले की तिथे एक विम्याचा डॉक्टर आहे. एस.टी.च्या धक्क्यांनी खिळखिळी होऊन ती तिथे पोहोचली. डॉक्टर मोठा अगत्याचा निघाला. त्याने तिला बसवले, चहा पाजला, उंची मोजली, वजन केले, छातीला नळी लावली, आईबाप कशाने गेले ते विचारले. चंद्राबाई खूश. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, बाई, माफ कर, तुझी पॉलिसी होणार नाही. तो एका आयुर्विमा कंपनीसाठी माणसे तपासत असे. हिने विमा उतरवायला अर्ज केलाय अशी त्याची समजूत. फोटोचे यंत्र त्याच्याकडे नव्हतेच.

हे तिने सगळ्या बाकाला ऐकवले. स्वतः सर्वांत मोठ्याने हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पदराला तोंड पुसून तिने पदर पटकन मुठीत घेतला. मी मूठ उघडायला लावली नाही. आत रक्त आहे हे न पाहताही कळत होते.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना सांगितले, की फोटो राहू दे, निदान नळी लावून बघा. त्यासाठी ती तयार झाली. डॉक्टरांनी पाठीमागून, पुढून बराच वेळ ऐकले. मग मला घेऊन ते पलीकडच्या खोलीत गेले. मध्ये काचेची खिडकी होती, दार लावलेले होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, दोन्ही बाजूंना आहे, उजवीकडे जास्त. क्षयच असणार, फोटोशिवाय किती ते सांगता येत नाही. इतक्यात तिला बोलू नका, भावाला बोलावून घ्या.

आम्ही बाहेर आलो. मी चेहरा सरळ ठेवला होता. चंद्राबाई चोळीची गाठ मारत होती.

“क्षय असंल तर असूं दे, डाक्टर,” ती म्हणाली. “पन भावाला कशाला? कार्ड माज्या नावावर हाय.”

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले, मी डॉक्टरांकडे. ती काचेतून आमचे ओठ वाचत होती. खात्यात एवढा आवाज, की समोरची काय बोलते ते कानाने नव्हे, डोळ्यांनी ऐकायचे. चार रांगांपलीकडची बाई घरी काय शिजवून आली, हेही त्या अशाच ऐकत. आमच्या दवाखान्यात काचेपलीकडे डॉक्टर इतके दिवस कोणाबद्दल काय काय बोलले असतील, ते सगळे तिला ठाऊक होते. मी घाईघाईने आठवायला लागले, तिच्याबद्दल आपण काय काय बोललो. ते ओळखून ती म्हणाली, “‘डोक्याला ताप’ म्हणालीस. खोटं नाय.”

त्यानंतर तिने मला दोन-चार शब्द शिकवले. बिनआवाजाचे. ‘पाणी’, ‘तुटला’, ‘सुट्टी कवा’. खात्यात नवी आलेली पोर सर्वांत आधी शिकते ते म्हणजे ‘जॉबर आला’. ओठ पुढे काढून ‘जॉ’, मग मिटून ‘ब’, मग तोंड मोठे उघडून ‘ला’. हे दिसले की सगळ्यांनी गप्पा सोडून कामाला लागायचे. डॉक्टर आतून येताना दिसले की ती ओट्यावरून मला ‘जॉबर आला’ करायची आणि मी हातातली चहाची कपबशी टेबलाखाली सरकवायची.

डॉक्टरांच्या मनाला मात्र तिचे ते ‘कार्ड माज्या नावावर हाय’ लागले असावे. मी मागे लागले आणि त्यांनी मुंबईच्या विमा कचेरीला लिहायला सांगितले. रत्नागिरीत क्ष-किरणाची सोय आमच्याकडे आहे, विमेदार बाई इथे आजारी आहे, तिचा फोटो योजनेत काढायला परवानगी मिळावी. सरकारला त्यांनी लिहिलेले ते पहिलेच पत्र असावे, कारण मजकूर सांगताना ते सारखे येरझारा घालत होते. उत्तर यायला बराच वेळ लागला. त्यात असे होते, की ही योजना अद्याप आपल्या भागास लागू नाही. विमेदार व्यक्तीने आपल्या नेमून दिलेल्या दवाखान्यात समक्ष हजर राहावे. भाषा सभ्य होती. चिडायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून मी जास्त चिडले.

मी ते चंद्राबाईला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले.

“म्हंजे मुंबईत आजारी पडलं तर चालतं.”

“हो.”

“मंग मी मुंबईलाच जाऊन आजारी पडतंय.”

वैशाख संपत आला होता. बोटी बंद व्हायचे दिवस जवळ आले होते. एकदा समुद्र उठला की नारळी पौर्णिमेपर्यंत बोट नाही. मग राहता राहिला तो घाटावरून कोल्हापूर करून जायचा वळसा, आणि तो तिच्या छातीला झेपला नसता. म्हणून जायचे तर आत्ताच. खुराड्यासारख्या डेकवर, उन्हात, खोकत. मी तिला त्या दिवशी फार बोलले. मी म्हटले, हा शुद्ध वेडेपणा आहे. यंत्र इथे आहे, डॉक्टर इथे आहे, तू इथे आहेस. आत चल, उभी राहा, श्वास धर, एका मिनिटाचे काम. काय आहे ते कळेल, औषध सुरू होईल, मग जा खुशाल तुझ्या मुंबईला आणि काढ पुन्हा कार्डावर. माझा आवाज तिच्याएवढा चढला होता. बाकावरची माणसे खाली बघत होती.

तिने माझे बोलणे संपू दिले. मग एरवी कधी बोलली नाही इतक्या हळू बोलली.

“बाय, छाती माजी एकलीची हाय. कार्ड साऱ्या खात्याचं हाय.”

मग ती उठली आणि त्या दिवशी रांगेत असलेल्या एका बाईला श्वास कसा धरायचा ते दाखवायला लागली. मी आत जाऊन फिल्म धुतल्या. रागात असले की माझे काम जास्त चांगले होते.

पुढे तिचे काय झाले, ते मला पुरते माहीत नाही. दिवाळीच्या सुमाराला गणपत बाजारात भेटला. म्हणाला, मुंबईत फोटो निघाला, कार्डावर निघाला, आणि इस्पितळात खाटही मिळाली. बरी आहे का, मी विचारले. तो म्हणाला, “असंल बरी. वाईट असतं तर कळवलं असतं.” त्यानंतर त्यांची वाडीतली जागा बदलली आणि मीही नोकरी बदलली. सावित्री कधी आली असेल तर आमच्या दवाखान्यात आली नाही. विम्याचे कार्ड रत्नागिरीत पुढे केव्हा चालू लागले, तेही मला सांगता येणार नाही. तोवर मी त्या टेबलावर नव्हते.

पण मी तिला शेवटचे पाहिले ते बंदरावर. निरोप द्यायला गेले नव्हते. पावसाळाभराच्या फिल्मची पेटी त्या बोटीने येणार होती आणि ती भिजायच्या आत ताब्यात घ्यायची होती. बोट लांब पाण्यात उभी. उतारूंना घेऊन पडाव धक्क्याला लागला, माझी पेटी उतरली, मी खिळे आणि पट्ट्या तपासून सही केली. त्याच पडावात जाणारी माणसे चढत होती. गणपतने चंद्राबाईला हाताला धरून पडावात उतरवले. वळकटी, एक ट्रंक, फणसाच्या गऱ्यांचे गाठोडे. मला पाहून तिने मान हलवली. आमचे त्या दिवसापासून धड बोलणे नव्हते.

पडाव सुटला. वल्ह्यांचा आवाज, खलाशांची ओरड, लाटा धक्क्यावर आपटत होत्या. थोडे अंतर पडले आणि मला दिसले, की ती माझ्याकडे बघून ओठ हलवते आहे. ओठ पुढे, मग मिटले, मग तोंड मोठे उघडले. जॉबर आला.

मी मागे वळले. डॉक्टर केळसकर धापा टाकत धक्क्यावरून येत होते. डोक्यावर टोपी नव्हती. दवाखाना उघडा टाकून त्यांना बंदरावर आलेले मी कधी पाहिले नव्हते.

“पेटी मिळाली?” त्यांनी विचारले.

पेटी माझ्या पायाशी होती. मी ती दाखवली.

“चंद्राबाई गेल्या?”

मी पडावाकडे बोट केले. ते धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. मग म्हणाले, “त्यांना सांगायचे होते. कार्डावर काढतो. बिल लावतो मुंबईला, देवोत न देवोत. परत पाठवले तर पुन्हा लावतो.”

“हे काल सांगायचे होते, डॉक्टर.”

“काल सुचले नाही.”

मी हाक मारली, पण वाऱ्यात ती माझ्या पुढ्यातच पडली. मग मी दुसरे केले. तिच्याकडे तोंड केले आणि आवाज न काढता, एकेक अक्षर सुटे करून ओठ हलवले. डॉ-क्ट-र का-र्डा-व-र का-ढ-तो म्ह-ण-ता-त. धक्क्यावरच्या माणसांना मी वेडी वाटले असणार. पडाव लाटेवर चढला, खाली गेला, पुन्हा वर आला. चंद्राबाई वळकटीवर बसून माझ्याकडे एकटक बघत होती, डोळ्यांवर हात धरून. मग तिने हात खाली घेतला आणि उत्तर दिले. फार मोठे नव्हते. मला ते शिकवलेले नव्हते, पण इतके दिवस इतक्या वेळा ऐकले होते की न ऐकताही कळले.

“काय म्हणतात?” डॉक्टरांनी विचारले.

“लिहून द्या म्हणते.”

डॉक्टरांनी कोटाचे खिसे चाचपले. एक, मग दुसरा, मग आतला. पेन दवाखान्यात राहिले होते.